सलग वाचन की मिश्र वाचन?

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय आहेत. वर्षभरात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात.

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सलग वाचले की कथेचा धागा तुटत नाही, आणि खूण एकच ठेवावी लागते. पण निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे सुरू होतात, जानेवारी सरता सरता लेवीय हे तिसरे पुस्तक येते, मग गणना या चौथ्यातल्या याद्या. बहुतेकांचे वाचन इथेच अडते. शिवाय मत्तय, म्हणजे नव्या करारातले पहिले शुभवर्तमान (येशूचे चरित्र), उघडायला ऑक्टोबर उजाडतो. ख्रिस्ती माणसाने शुभवर्तमानाविना नऊ महिने काढावेत, हे काही पटत नाही.

मिश्र पद्धतीत जुन्या करारातले दोन अध्याय, नव्यातला एक आणि एक स्तोत्र रोज घेतात. ११९वे स्तोत्र १७६ वचनांचे आहे. ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांत वाटून घ्यावे. नव्या कराराचे २६० अध्याय आठवड्याला पाचच घेतले तरी वर्षात बसतात. जुना करार मात्र वर्षाच्या पुढे जातो. जाऊ द्या. लेवीय १६ वाचताना नव्या करारातल्या इब्री या पत्राचा ९वा अध्याय शेजारी ठेवला, तर त्यातल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा (लोकांच्या पापांसाठी वर्षातून एकदा होणाऱ्या विधीचा) अर्थ लगेच उलगडतो. तोटा एवढाच की तीन खुणा सांभाळाव्या लागतात आणि संदर्भ सुटू शकतो.

नवख्याने मिश्र पद्धतच घ्यावी. एकदा सगळे वाचून झालेल्याने खुशाल सलग वाचावे. पाच दिवस चुकले, तर सोळा अध्यायांची थकबाकी एका रविवारी फेडत बसू नका. आजच्या तारखेपासून पुढे चला.