शॅमेलिऑन स्टार्टर किट घेताय? थांबा जरा
बॉक्सवर लिहिलंय 'नवशिक्यांसाठी', तिथेच हसू आलं, अहो शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा, हा नवशिक्यांचा प्राणीच नाही. किटमध्ये पाण्याची वाटी दिलीये, पण शॅमेलिऑन साचलेल्या पाण्याकडे सहसा बघतच नाही, पानांवरचे थेंब चाटून पितो, म्हणजे फवारा किंवा थेंबथेंब पाणी सोडणारा ड्रिपर हवाच आणि नेमका तोच गायब. टाकी सगळी काचेची, हवा खेळत नाही, वर स्वतःचंच प्रतिबिंब बघून हा दुसरा नर समजून चिडतो. हीट बल्ब ठीकठाक. यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरण देणारा दिवा) नाहीच, त्याशिवाय अंगात डी३ जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं मऊ पडतात. नकली वेल मात्र छान, पकड चांगली बसते. ५ पैकी १ स्टार, तोही वेलीला. जाळीचा पिंजरा घ्या आणि बाकीचं सुटं जमवा.