स्नोक्वाल्मी की स्टीव्हन्स पास? सिएटलजवळच्या दोन स्की एरियांचा एका मोसमाचा अनुभव

नोव्हेंबर लागला की बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेलकडच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलांना स्कीइंग शिकवायचं तर जायचं कुठे? एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं की नावं दोनच पुढे येतात, स्नोक्वाल्मी आणि स्टीव्हन्स पास. आम्ही हा पूर्ण हिवाळा दोन्हीकडे जाऊन काढला. मी आणि सात वर्षांची लेक अगदी नवशिक्या, दहा वर्षांच्या मुलाला थोडंफार येतं आणि नवरा चांगला तरबेज. म्हणजे एका गाडीत तीन पातळ्यांची माणसं. बहुतेक घरांत असंच असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. आदल्या रात्री फ्रीझिंग लेव्हल, म्हणजे किती फुटांवर हवेचं तापमान शून्यावर येतं, ते बघा आणि त्यावरून डोंगर ठरवा. लिफ्ट किती, तिकीट केवढ्याचं, कँटीन कसं, हे सगळं त्यानंतर.

स्नोक्वाल्मीची खिंड ३,०२२ फुटांवर आहे आणि स्टीव्हन्सची ४,०६१ फुटांवर. हजार फुटांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण तेवढ्या उंचीला तापमान साधारण दोन अंश सेल्सिअसने उतरतं, आणि आमच्याकडचा हिवाळा बरेचदा शून्याच्या दोन अंश वर किंवा दोन अंश खालीच रेंगाळत असतो. त्यामुळे एकाच वेळी एका खिंडीत पाऊस आणि दुसऱ्या खिंडीत बर्फ, हे दृश्य इथे नेहमीचं. हवामानाच्या अंदाजात ‘फ्रीझिंग लेव्हल’ म्हणून जो आकडा देतात, त्याच्या साधारण हजार फूट खालपर्यंत बर्फ न वितळता पोचतो. आकडा साडेतीन हजार किंवा त्याहून कमी असेल तर दोन्हीकडे बर्फ मिळेल, जवळचं गाठा. साडेचार-पाच हजार असेल तर स्नोक्वाल्मीच्या पायथ्याशी पाऊस आणि स्टीव्हन्सला ओला का होईना पण बर्फ. सहा हजारांच्या वर गेला तर घरी भजी तळा.

याला एक अपवाद आहे आणि तो कळायला आम्हाला जानेवारी उजाडला. या दोन्ही खिंडी ज्यात आहेत तो कॅस्केड पर्वत आपल्या सह्याद्रीसारखाच. समुद्राकडून येणारे ढग पश्चिमेच्या उतारावर आणि माथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडे एलन्सबर्गकडे माण-खटावसारखा कोरडा मुलूख लागतो. हिवाळ्यात त्या पलीकडच्या मुलखात थंड हवा साचते आणि पूर्वेचा वारा सुटला की स्नोक्वाल्मीच्या खिंडीतून पश्चिमेकडे वाहत येते. अशा दिवशी वर हवा उबदार असूनही खिंडीतलं तापमान शून्याखाली राहतं. त्यामुळे अंदाजात पाऊस असतानाही कधीकधी तिथे छान बर्फ पडतो. मात्र वरची हवा फारच तापली तर तोच बर्फ गोठणाऱ्या पावसात बदलतो. एका संध्याकाळी आम्ही समिट सेंट्रलला लिफ्टवर बसलो होतो. पहिल्या दोन मिनिटांत गॉगलवर बारीक थेंब पडले आणि वर पोचेपर्यंत त्यांची काच झाली. हातमोज्याने पुसलं तर ओरखडे उठतात, न पुसलं तर समोरचं दिसत नाही. लेकीचा गॉगल जॅकेटच्या आत धरून वितळवला आणि हळूहळू खाली आलो. तेव्हापासून तापमानाबरोबर वाऱ्याची दिशाही बघते. नॉर्थवेस्ट अॅव्हलान्च सेंटरच्या संकेतस्थळावर दोन्ही खिंडींतल्या वेगवेगळ्या उंचीवरच्या यंत्रांची तासातासाची नोंद असते. पायथ्यापेक्षा वर तापमान जास्त दिसलं की पूर्वेचा वारा आहे असं समजायचं.

स्टीव्हन्सच्या बाजूने एक वेगळीच गोष्ट आहे. पॅसिफिकवरून येणारा वारा ऑलिम्पिक पर्वताला अडून दोन बाजूंनी वळसा घालतो आणि एव्हरेटच्या आसपास परत एकत्र येतो. तिथे हवा वर ढकलली जाते आणि ढगांचा एक अरुंद पट्टा तयार होतो. पट्टा पूर्वेकडे सरकला की बहुतेक वेळा थेट स्टीव्हन्सच्या वाटेवर येतो. बाकी सगळीकडे उघडीप आणि तिथे मात्र रात्रभर बर्फ, असं या मोसमात आम्ही पाहिलं. या पट्ट्याला ‘कन्व्हर्जन्स झोन’ म्हणतात. अंदाजात हे शब्द दिसले की नवऱ्याची बॅग रात्रीच भरून ठेवलेली असते.

आता रस्ता. बेलव्ह्यूहून आय-९० ने स्नोक्वाल्मी पाऊण-एक तासात येतं. रुंद महामार्ग, अनेक लेन, मालवाहतुकीचा मुख्य रस्ता असल्यामुळे बर्फ काढणाऱ्या गाड्या सतत फिरत असतात. स्टीव्हन्सला यूएस-२ ने जायचं. मन्रोपर्यंत ठीक, पुढे सल्टन, गोल्ड बार, इंडेक्स, स्कायकोमिश अशी लहान गावं आणि बराचसा दोन लेनचा रस्ता. निसर्ग म्हणाल तर इंडेक्सजवळचे कडे बघून गाडी थांबवावीशी वाटते. पण रविवारी संध्याकाळी परतताना गोल्ड बार ते सल्टन गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. सकाळी पावणेदोन तासांत गेलेल्या वाटेला येताना तीन तास लागू शकतात. लहान मुलं असतील तर याचा हिशेब आधी करा. आम्ही दुपारी दोनलाच निघायची सवय लावून घेतली आणि बरंच सुसह्य झालं.

दोन्ही रस्ते हिमस्खलनाच्या नियंत्रणासाठी अधूनमधून बंद होतात. या भागात ते हलक्यात घेत नाहीत आणि त्याला इतिहास आहे. १ मार्च १९१० ला स्टीव्हन्स पासजवळ वेलिंग्टन इथे हिमवादळात अडकून पडलेल्या दोन रेल्वेगाड्यांवर बर्फाचा कडा कोसळला आणि ९६ माणसं गेली. अमेरिकेतलं आजवरचं सर्वांत प्राणघातक हिमस्खलन तेच. पुढे १९२९ मध्ये जवळपास आठ मैलांचा कॅस्केड बोगदा झाला आणि रेल्वे वेलिंग्टनची वाट सोडून खालून, डोंगराच्या पोटातून जाऊ लागली. यूएस-२ पश्चिमेकडे बंद झाला, तर स्टीव्हन्सवरून परतायला लेव्हनवर्थ आणि ब्लूएट पासचा मोठा वळसा घालून आय-९० गाठावा लागतो, म्हणजे शेवटी स्नोक्वाल्मीच्याच खिंडीतून घरी. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली असताना यूएस-२ वर चढू नका. आणि गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असली तरी डिकीत टायरच्या चेन हव्यातच. ‘चेन्स रिक्वायर्ड’ची पाटी लागली तर अशा गाडीला सहसा त्या चढवाव्या लागत नाहीत, पण जवळ असणं बंधनकारक आहे.

नवशिक्यांसाठी माझा कौल निःसंशय स्नोक्वाल्मीला. तिथे खरं तर चार वेगवेगळे भाग आहेत: समिट वेस्ट, सेंट्रल, ईस्ट आणि हमरस्त्याच्या पलीकडे अल्पेंटल. समिट वेस्टचा पायथा शिकणाऱ्यांसाठीच आहे असं म्हटलं तरी चालेल. मॅजिक कार्पेट, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायची सोय, भरपूर आहे. उतार इतका सौम्य की लेक पडली तरी घसरत न जाता जागच्या जागी बसायची. मुलांना इथे पहिला धडा ‘पिझ्झा’चा देतात: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग कमी. लेकीला ते पहिल्याच सकाळी जमलं. मला मात्र वळताना वजन बाहेरच्या पायावर टाकायचं हे अंगवळणी पडायला जानेवारी संपला. शिकवणारा सांगत होता, वळायचं त्या बाजूला बघा, पायांकडे बघू नका. हे एकदा कळलं आणि मग निळ्या खुणेच्या, म्हणजे मध्यम अवघड उतारावर जायची भीती गेली.

स्टीव्हन्सला नवशिक्यांसाठी डेझी लिफ्टचा भाग आहे. चांगला आहे, पण लहान. दिवसभर तेवढ्यातच फिरावं लागतं आणि पुढची पायरी एकदम मोठी वाटते. मात्र निळे उतार जमायला लागले की स्टीव्हन्स उघडतो. हॉग्जबॅक आणि स्कायलाइन या लिफ्टवरून दमछाक न होता लांब, वळणावळणाने उतरता येतं. माझा मुलगा फेब्रुवारीत तिथे जो सुधारला तो स्नोक्वाल्मीच्या आखूड उतारांवर सुधारला नसता. डोंगराची मागची बाजू, मिल व्हॅली, मला या सगळ्या प्रदेशातली सर्वांत आवडती जागा. पायथ्याची गर्दी दिसत नाही, झाडांवर बर्फाचे जाड थर आणि समोर रांगांमागून रांगा.

नवऱ्याचं मत वेगळं आहे आणि ते नोंदवायला हवं. त्याच्या मते अवघड उतारांत अल्पेंटलला तोड नाही. वरच्या लिफ्टला सगळे ‘चेअर टू’ म्हणतात. तिथून खाली उतरायला सोपी वाट नाही. शिखरापासून पायथ्यापर्यंत २,२८० फुटांची उतरण आहे, स्टीव्हन्सची साधारण अठराशे. तुमच्या घरी एक तरबेज आणि बाकी नवशिके असतील तर स्नोक्वाल्मीचा हा फायदा मोठा आहे. एक जण अल्पेंटलला, बाकीचे समिट वेस्टला, तिकीट एकच. फक्त मधे रस्ता ओलांडायचा असल्याने भेटायची वेळ आणि जागा सकाळीच ठरवून ठेवा.

बर्फाच्या जातीबद्दल एक शब्द. दोन्हीकडे वर्षाला सरासरी चारशे इंचांहून जास्त बर्फ पडतो, पण तो कोलोराडो-युटाचा भुकटीसारखा नव्हे. समुद्र जवळ असल्याने ओला आणि जड. इथले लोक त्याला ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणतात. त्यात स्की अचानक धरली जाते, गुडघ्यावर ताण येतो. म्हणून पोशाखात उबेपेक्षा पाणी न शिरण्याला महत्त्व द्या. हातमोज्यांची दुसरी जोडी कोरड्या पिशवीत हवीच. बुटांत दोन मोजे घालायचा मोह टाळा, एकच पातळ लोकरी मोजा पुरतो. दोन घातले की चुण्या पडतात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

बूट आणि स्की मुलांसाठी मोसमभर भाड्याने घ्या, डोंगरावर रोजच्या रोज घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं आणि सकाळची रांग वाचते. मात्र दुकानात मापाची घाई करू देऊ नका. आम्हाला एका दुकानाने मुलाला ‘वाढता पाय आहे’ म्हणून दीड नंबर मोठा बूट दिला आणि डिसेंबरभर त्याची टाच आत उचलली जात होती. दुसरीकडून बदलून घेतल्यावर त्याच्या वळणांत लगेच फरक पडला. बुटाचं आतलं मऊ अस्तर काढून पाय पुढे सरकवला की टाचेमागे दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत, त्याहून जास्त जागा नको.

खर्चाचं गणित पासवर, म्हणजे अनेक स्की एरियांत चालणाऱ्या मोसमभराच्या तिकिटावर येतं. शनिवार-रविवारचं मोठ्यांचं एका दिवसाचं तिकीट दोन्हीकडे शंभर डॉलरच्या वर सहज जातं. स्टीव्हन्स व्हेल कंपनीच्या एपिक पासवर आहे, स्नोक्वाल्मी आयकॉन पासवर. त्यामुळे मोसमात एखादी मोठी सहल कुठे करायची हे आधी ठरवा. कॅनडातल्या व्हिसलरला जायचं असेल तर एपिक, आपल्याच राज्यातल्या क्रिस्टल माउंटनला वारंवार जायचं असेल तर आयकॉन. पास वसंतात स्वस्त असतात आणि हिवाळा जवळ येईल तसे महागतात. पार्किंगचे नियमही दोन्हीकडे दर मोसमात बदलत असतात, आगाऊ नोंदणी लागते का ते निघण्याआधी तपासा.

नोकरी करणाऱ्यांसाठी स्नोक्वाल्मीची आणखी एक मोठी जमेची बाजू म्हणजे रात्रीचं स्कीइंग. डिसेंबरात सिएटलला साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, पण तिथे बऱ्याच उतारांवर दिवे असतात. ऑफिस संपवून सहाला पोचायचं, दोन-अडीच तास मनसोक्त खेळायचं आणि झोपायच्या वेळेला घरी. मुलांची शाळा बुडत नाही, लिफ्टला रांग नसते. आम्ही दोघी जे काही शिकलो ते मुख्यतः या मधल्या वारांच्या संध्याकाळी. स्टीव्हन्सलाही मोसमात काही रात्री दिवे लागतात, पण नंतर अंधारात यूएस-२ ने परत यायचं मला जमत नाही.

सासूबाई-सासरे फेब्रुवारीत आले होते. त्यांना घेऊन स्नोक्वाल्मीलाच गेलो, कारण तिथे ट्यूबिंग आहे. रबरी ट्यूबमध्ये बसून आखलेल्या घसरगुंडीवरून खाली यायचं. शनिवार-रविवारची तिकिटं आधीच संपतात, घरून काढून जा. तिथून जवळच हायाकच्या स्नो-पार्कमध्ये (बर्फात खेळणाऱ्यांसाठी राज्याने ठेवलेली जागा) स्लेज घेऊन जायचं असेल तर राज्याचा वेगळा परवाना लागतो. जेवणाचं म्हणाल तर पोळी-भाजीचे रोल, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. डिकी उघडी टाकून गाडीतच जेवायचं, सगळे तेच करतात.

पुढच्या मोसमासाठी आम्ही आयकॉन घेतला आहे, कारण लेक अजून शिकते आहे आणि संध्याकाळची सोय सोडवत नाही. स्टीव्हन्ससाठी जानेवारी-फेब्रुवारीतले मोजके थंड दिवस सुट्टे तिकीट काढून, आठवड्याच्या मधल्या वारी, पहाटे सहाच्या आत घर सोडून. ज्यांच्या घरी सगळ्यांना निळे उतार येतात आणि जे बॉथेल, मिल क्रीक किंवा मन्रोच्या बाजूला राहतात, त्यांनी उलट करावं: एपिक घ्यावा आणि मिल व्हॅलीत दिवस काढावेत.