पूरपट्ट्यातील घराची सजावट : सांगलीतील एका पर्यावरणस्नेही सेवेचे परीक्षण

सांगलीत अंतर्गत सजावटीच्या कामाला पर्यावरणस्नेही म्हणायचे असेल, तर कृष्णेचे पाणी घरात येऊन गेल्यावर त्यातले किती सामान पुन्हा वापरता येते, ही पहिली कसोटी असली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतील कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला, आणि पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला फुगलेल्या कपाटांचे, पलंगांचे व स्वयंपाकघरातील ट्रॉल्यांचे ढीग लागले. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे लाकडाचा भुसा व तंतू बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकात दाबून तयार करतात. ते पाणी शोषतात, फुगतात, त्यांतील स्क्रूची पकड सुटते आणि मग दुरुस्तीला वावच उरत नाही. लॅमिनेट चिकटवलेले असे तुकडे पाणी तापवायच्या बंबात घालणेही घातक असते, कारण त्यांच्या धुरात डिंकाची व प्लॅस्टिकची रसायने असतात.

सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीतील आमच्या दुमजली घराच्या नूतनीकरणासाठी आम्ही शहरातील ज्या लहान कार्यालयाची सेवा घेतली, त्यांनी पहिल्या भेटीत रंगांची पुस्तके आणि मॉड्युलर किचनची चित्रे पुढे न ठेवता भिंतीवरील पुराच्या खुणा मोजल्या, आणि घरात आधीपासून काय आहे याची यादी केली. ही यादीच मला त्यांच्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. माळ्यावर पडून असलेल्या सागवानी तुळया, दारांच्या जुन्या चौकटी, मागील पडवीतील शहाबादी फरशी यांपैकी काय वापरता येईल हे ठरवूनच त्यांनी आराखडा काढला. जुने सागवान पुरते वाळलेले असल्यामुळे सहसा पीळ खात नाही, परंतु त्यात रुतलेले खिळे काढताना रंध्याची व करवतीची पाती खराब होतात, वाळवीने पोखरलेला भाग कापून टाकावा लागतो, आणि त्यामुळे सुतारांची मजुरी नव्या प्लायवूडच्या कामापेक्षा बरीच अधिक येते. तो खर्च त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितला. कमी पडलेले लाकूड जुन्या इमारती उतरवणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतले, तेव्हा ते कोणत्या वास्तूचे आहे याची चौकशीही केली. जुन्या लाकडाच्या मागणीपायी धडधाकट वाडे पाडले जाऊ नयेत, यासाठी ही चौकशी मला फार आवश्यक वाटते.

तळमजल्यावरील कपाटे हा या कामाचा खरा गाभा आहे. भिंतीत पक्की बसवलेली एकही वस्तू तेथे नाही. प्रत्येक कपाट वरचा व खालचा अशा दोन खोक्यांचे असून ती एकमेकांना बोल्टने जोडलेली आहेत, कोठेही डिंकाचा कायमचा सांधा नाही, आणि पाठीमागच्या फळ्या स्क्रू काढून वेगळ्या करता येतात. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. इशारा मिळताच दोन माणसांनी कपाटे सोडवून वरच्या मजल्यावर नेता यावीत, असा हा बेत आहे. काम हाती देताना कारागिरांनी आमच्यासमोर एक कपाट पूर्ण सोडवून पुन्हा जोडून दाखवले. प्रत्यक्ष पुराची परीक्षा अजून झालेली नाही, म्हणून त्याविषयी अधिक दावा मी करणार नाही. मात्र सागवानी खोके अपेक्षेपेक्षा जड झाले आहेत, आणि घरात फक्त वयस्कर माणसे असतील तर हा बेत अपुरा पडेल, हे त्यांच्या लक्षात यायला हवे होते.

स्वयंपाकघरात ओट्याखाली कडप्प्याचे उभे विभाजन करून त्यात स्टीलच्या जाळ्या बसवल्या आहेत. हा दगड लांबून येतो, तरीही पाण्यात राहून धुऊन पुन्हा वापरता येतो, म्हणून मला ही निवड योग्य वाटते. जेथे प्लायवूड टाळता आले नाही, तेथे आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड वापरले आहे. त्यातील फेनॉलिक डिंक ७२ तास उकळण्याच्या चाचणीला टिकावा लागतो, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडही युरियाच्या डिंकापेक्षा पुष्कळच कमी बाहेर पडते. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच मानवी कर्करोगकारक ठरवले असल्यामुळे बंद खोलीत झोपणाऱ्यांसाठी हा फरक लहान नाही. उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडापासून, केलेल्या बोर्डाविषयी मी स्वतः आग्रह धरला होता, कारण ऊस आपल्याच शिवारातला. त्यांनी तो केवळ वरच्या मजल्यावर वापरला आणि कारणही सांगितले : कच्चा माल जवळचा असला, तरी डिंक तोच असेल तर पाण्यात हा बोर्डही इतरांसारखाच फुगतो.

तळमजल्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा केला. सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिक रंग असला की भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पोपडे सुटतात. चुन्यातून ओल बाहेर पडते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी मिळायला मात्र फार वेळ गेला.

माझी खरी तक्रार वरच्या मजल्यावरील रंगाबद्दल आहे. डब्यावर हिरवे पान छापलेले होते, पण त्यातून हवेत मिसळणाऱ्या बाष्पशील रसायनांचे प्रमाण कोठेही दिलेले नव्हते. चाचणीचा दाखला मी वारंवार मागितला, तो आजतागायत मिळालेला नाही. प्लायवूडच्या बाबतीत मानक क्रमांकाचा शिक्का दाखवणाऱ्यांनी रंगाच्या बाबतीत जाहिरातीवर विसंबून राहावे, हे मला पटत नाही.

त्यांची फी एकूण खर्चाच्या टक्केवारीवर नसून क्षेत्रफळावर ठरते. टक्केवारीच्या पद्धतीत जितके नवे सामान येईल तितकी सजावटकाराची कमाई वाढते, काही ठिकाणी तर दुकानदाराकडून कमिशनही मिळते. अशा व्यवहारात जुनी चौकट वाचवण्याची प्रेरणा कोणाला राहील? या व्यवसायात टिकाऊपणाची चर्चा साहित्याभोवती फिरते, परंतु माझ्या मते देयक कोणत्या आधारावर निघते यावर अर्धे निर्णय आधीच ठरलेले असतात. म्हणून कोणत्याही सजावटकाराकडे गेल्यावर हा प्रश्न आधी विचारावा.

ही सेवा घ्यायची असेल तर काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावे, म्हणजे चुन्याचा गिलावा पावसाळ्यापूर्वी पूर्ण वाळतो. लग्नकार्याची तारीख डोळ्यांसमोर ठेवून घाईने काम उरकायचे असेल, तर या कार्यालयाकडे जाऊ नये. कपाटे सोडवण्याचा क्रम दाखवणारा आराखडाही त्यांच्याकडून लेखी मागून घ्यावा. आम्हाला तो मागितल्यावरच मिळाला.