सॅटेलाइट इमेजवरून घरांना प्लस कोड देणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्लस कोड म्हणजे अक्षांश-रेखांशावरून बनणारा अक्षर-अंकांचा छोटा पत्ता. तो जमिनीवरचा एक चौकोन दाखवतो, आणि अक्षरं वाढली की चौकोन लहान होतो. तो देण्यासाठी घर ओळखायला सॅटेलाइट इमेजसारखं साधन नाही. पण ते घर नेमकं कुठे आहे, हे एकट्या इमेजच्या भरवशावर ठरवू नये.

पिक्सेल ३० सेंटिमीटरचा आहे म्हणजे जागाही तितकीच अचूक, असं अनेकजण धरून चालतात. इमेज कितीही लख्ख असली तरी ती अख्खीच्या अख्खी ४-५ मीटर सरकलेली असू शकते. दहा अक्षरी कोडचा चौकोन दक्षिणोत्तर सुमारे १४ मीटर असतो. इमेज ५ मीटर उत्तरेला सरकली, तर दर तीन दारांमागे एकाहून जास्त दारं शेजारच्या चौकोनात जातात. अकरा अक्षरी कोडची दक्षिणोत्तर लांबी जेमतेम २.८ मीटर, म्हणजे तिथे सगळेच कोड चुकतात. नुसत्या इमेजवरून अकरावं अक्षर देऊच नये, हे माझं ठाम मत.

उंच इमारतींचं दुखणं वेगळं. उपग्रहाने २० अंश तिरकं टिपलं, तर ३० मीटर उंचीची गच्ची पायापासून जवळपास ११ मीटर बाजूला दिसते. पिन गच्चीच्या मध्यावर ठेवू नका. भिंत जमिनीला टेकते ती कड शोधा. सावली जिथून सुरू होते तो कोपरा यात फार कामाला येतो.

सरक मोजायला जमिनीलगतच्या खुणा घ्या: कुंपणाचा कोपरा, मोरीची कड, रस्त्यांचा छेद. मोकळ्या आभाळाखालीही मोबाइलचं जीपीएस ५ मीटरच्या आसपास चुकतं, त्यामुळे एका रीडिंगवर विसंबू नका. प्रत्येक खुणेवर दोन-तीन मिनिटं थांबून सरासरी घ्या, आणि दिवसाच्या वेगळ्या वेळी पुन्हा घ्या. खुणेची इमेजवरची जागा आणि जीपीएसने दिलेली जागा यांतला फरक काढा. चार-पाच खुणांचा फरक एकाच दिशेला, साधारण सारखा आला तरच तो इमेजचा ऑफसेट, म्हणजे तिची सरक. फरक चहूकडे विखुरला, तर तो जीपीएसचा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशासाठीच्या जेओएसएम या संपादन सॉफ्टवेअरमध्ये इमेजचा थर सरकवून हा ऑफसेट जतन करता येतो.

सपाट भागात एक दुरुस्ती बऱ्याच अंतरापर्यंत पुरते. डोंगरउतारावर मात्र प्रत्येक वस्तीला वेगळी लागते, कारण इमेज सपाट करताना वापरलेल्या उंचीच्या मॉडेलमधली चूक तिथे आडव्या सरकीत उतरते. रस्ता मध्येच तुटून बाजूला गेलेला दिसला, की तो दोन इमेजचा सांधा समजा आणि दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा.

नवी इमेज आली की ऑफसेटही बदलतो. तेव्हा दिलेले कोड पुन्हा काढत बसू नका, ते पाट्यांवर गेलेले असतात. प्रत्येक कोडसोबत अक्षांश-रेखांश, इमेजची तारीख आणि लावलेला ऑफसेट नोंदवून ठेवा. फक्त नव्या घरांसाठी ऑफसेट नव्याने मोजा.