रात्रीच्या घरच्या जेवणाला गोड काय करावे : श्रीखंड की बासुंदी?

आठवड्यातून एखाद्या रात्री घरातील सगळी माणसे एका पंगतीला बसणार असतील, तर जेवण साधे ठेवावे आणि त्याबरोबर एक गोड पदार्थ घरीच करावा, असे बऱ्याच घरांत ठरते. जेवणाचा प्रश्न फारसा अवघड नसतो. तोंडली किंवा वांगी घालून केलेला मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, एखादी कोशिंबीर आणि भाजलेले पापड एवढ्यात पाच-सहा माणसांचे पोटभर जेवण तास-सव्वा तासात तयार होते. अडते ते गोडापाशी. शिरा आणि शेवयांची खीर एरवीही होत असते, आणि पुरणपोळी किंवा उकडीचे मोदक यांना नोकरी करून घर सांभाळणारा माणूस सोपे म्हणणार नाही. मग उरतात ते श्रीखंड आणि बासुंदी. दोन्हींचे जिन्नस जवळजवळ एकच आहेत, दोन्ही आधी करून ठेवता येतात आणि दोन्ही पानात आले की जेवणाला सणाची कळा येते. आमच्या घरी गोडाचे खाते माझ्याकडे आहे आणि मी दोन्ही पदार्थ पुष्कळदा केलेले आहेत, त्यामुळे यांतील कोणता निवडावा याविषयी माझे मत बनलेले आहे. ते प्रत्येक घराला लागू पडेल असा माझा आग्रह नाही.

श्रीखंडाची मोठी जमेची बाजू म्हणजे ते करताना शेगडीपाशी उभे राहावे लागत नाही. रात्री दूध तापवून, कोमट करून विरजले, सकाळी लागलेले दही मलमलच्या फडक्यात बांधून टांगले, की संध्याकाळपर्यंत चक्का तयार असतो आणि मधल्या वेळात आपण आपल्या कामाला मोकळे असतो. म्हशीच्या एक लिटर दुधाच्या दह्यातून साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो. दही किती घट्ट लागले आणि किती वेळ टांगले यावर तो कमी-जास्त होतो. जुन्या मापाने चक्क्याच्या वजनाइतकीच साखर घालतात. मी पाऊणपट घालतो आणि आमच्याकडे तेवढी पुरते. साखर चक्क्यात मिसळून तास-दोन तास तसेच ठेवावे म्हणजे ती विरघळते, आणि मग पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीवरून मिश्रण काढावे. हे काम हाताला जड वाटले, तरी लहान मुलांना ते आवडते, कारण यंत्राचा दांडा फिरवला की खालून पांढऱ्या शेवया पडताना दिसतात. दुधात खललेले केशर, वेलदोड्याची पूड आणि वरून चारोळी घातली की काम संपले. फडक्यातून निथळलेले पाणी टाकू नये, त्यात थालीपिठाचे पीठ छान भिजते.

अडचण असते ती आंबटपणाची. उन्हाळ्यात दही बाहेर टांगून ठेवले, तर दुपारपर्यंत ते आंबून जाते आणि मग साखर कितीही घातली तरी तो आंबटपणा जिभेवर राहतोच. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत तर हे हमखास होते. यावर उपाय असा, की दही फडक्यासकट चाळणीत ठेवावे, चाळणी पातेल्यावर ठेवावी, वर बेताचे वजन ठेवून सगळे फ्रिजमध्ये सरकवावे. त्याला वेळ जास्त लागतो, पण चक्का गोडसर राहतो. विकतचा चक्का आणून वेळ वाचवता येतो, हे खरे. तरीही आमच्या भागातील एका डेअरीतून आणलेला चक्का कधी घट्ट तर कधी पाणी सुटलेला असे, आणि एका सणाला तो इतका आंबट निघाला की आयत्या वेळी दुसरीकडे धाव घ्यावी लागली. तेव्हापासून श्रीखंड करायचे तर दही घरीच लावायचे, असा आमचा शिरस्ता झाला आहे.

बासुंदीचे गणित वेगळे आहे. येथे सगळे काम शेगडीवर असते, एकाच बैठकीत असते आणि लक्ष देऊन करावे लागते. पाच-सहा जणांसाठी दोन लिटर दूध घ्यावे. म्हशीचे ताजे दूध मिळत असेल तर उत्तमच, नसेल तर ६ टक्के स्निग्धांशाचे पिशवीतील फुल क्रीम दूध घ्यावे, कारण टोन्ड दुधाला कितीही आटवले तरी तो दाटपणा येत नाही. भांडे जाड बुडाचे आणि पसरट हवे. पसरट कढईत दुधाचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे वाफ लवकर निघून जाते आणि उंच पातेल्यात जे काम दीड-दोन तास चालते ते साधारण तासाभरात आटोपते. दूध उकळले की आच मध्यम करावी आणि कालथा तळाला टेकवून ढवळत राहावे. कडेला साय धरते, ती खरवडून पुन्हा दुधात सोडावी. बासुंदीत दाताखाली येणारा जो मऊ, रवाळ तुकडा असतो, तो याच सायीचा. दूध निम्म्यावर आले की साखर घालावी, दोन लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास. साखर पडताच दूध पुन्हा थोडे पातळ होते आणि खाली धरण्याची शक्यताही वाढते, म्हणून ती शेवटीच घालायची आणि त्यानंतर आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ आचेवर ठेवायचे नाही. गार झाल्यावर बासुंदी आणखी दाट होते, हे लक्षात ठेवून किंचित पातळ असतानाच उतरवावी. नाहीतर दुसऱ्या दिवशी वाटीत रबडी मिळते. ती वाईट लागत नाही, पण आपण केलेली ती नव्हे. जायफळ मात्र उतरवल्यानंतर आणि बेतानेच किसावे.

बासुंदी करायला लोक कचरतात ते ती खाली लागेल या धास्तीने, आणि ती धास्ती अगदीच निराधार नाही. दूध करपल्याचा वास एकदा त्यात शिरला, की वेलदोडे आणि केशर मिळूनही तो झाकू शकत नाहीत. आई दूध आटवताना कढईच्या तळाशी एक लहान बशी पालथी ठेवत असे. ती दुधाच्या उकळीबरोबर खडखडत राहते, दूध उतू जाऊ देत नाही आणि तळाशी हालचाल चालू ठेवते. मीही तेच करतो. एवढे करूनही वास आल्यासारखे वाटले, तर तळ मुळीच खरवडू नये. वरचे दूध लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि त्यात पुढे आटवावे. बहुतेक वेळा ते वाचते.

येथवर वाचून कोणालाही वाटेल, की श्रीखंडाचे पारडे जड आहे, आणि केवळ पदार्थ तयार करण्याचा विचार केला तर ते जडच आहे. माझा निर्णय मात्र पदार्थ करताना झाला नाही, तो वाढताना झाला, आणि त्याला कारण आहे पुरी.

श्रीखंड एकटे येत नाही. ते पानात पडले की पुरी हवीच असते. पोळीबरोबर श्रीखंड खाणारी घरे आहेत आणि त्यांचा मला हेवा वाटतो, पण आमच्याकडे लहान-थोर कोणालाही ते चालत नाही, आणि आग्रह करावा अशी ती गोष्टही नाही. आता पुरी म्हटली की कणीक घट्ट मळणे, लाट्या करणे, लाटणे हे सगळे आधी होऊ शकते. तळणे होऊ शकत नाही. दोन तास आधी तळून डब्यात भरलेली पुरी वातड होते आणि तिच्यासाठी खपून केलेल्या श्रीखंडाची शोभा जाते. म्हणजे पाने वाढली गेली, सगळे बसले, की एकाने स्वयंपाकघरात तेलाच्या कढईपाशी उभे राहायचे. पुरी तेलात सोडायची, झाऱ्याने हलके दाबायची, ती टम्म फुगली की उलटायची, निथळवून ताटात टाकायची, तेवढ्यात बाहेरून ‘दोन आण’ अशी हाक येते. आतला माणूस जेवायला येतो, तेव्हा बाहेरच्यांचा ताकभात चाललेला असतो. हे उभे राहणे बहुतेक घरांत कोणाच्या वाट्याला येते, ते सांगायला नको. आमच्याकडे आधी आई उभी राहायची, नंतर माझी पत्नी, आणि आम्ही पाळी लावली तेव्हा मी. पाळी लावल्याने माणूस बदलला, पण रिकामे पान रिकामेच राहिले. सगळ्यांनी एकत्र बसावे म्हणून जे जेवण मांडले, त्यात दर वेळी एक जण नसावा, हे मला फार खटकू लागले.

बासुंदीला जोड लागत नाही. पुरीबरोबर ती सुरेख लागते यात वाद नाही, पण पुरी नसली म्हणून कोणी तक्रार करत नाही. वाटी भरून दिली, की कोणी पोळी बुडवून खातो, कोणी जेवणाच्या शेवटी नुसतीच पितो. मसालेभाताच्या तिखट, गोडा मसाल्याच्या चवीनंतर गार बासुंदीचा घोट जो समाधान देतो, तो श्रीखंडाच्या दाट गोळ्यातून मला तरी मिळत नाही. शेगडी अडवून ठेवण्याचा आक्षेपही वेळेच्या नियोजनाने मिटतो. दुपारी चारला दूध चढवले, तर पाच-सव्वापाचला बासुंदी उतरते. ती कोमट झाली की फ्रिजमध्ये जाते, आणि दोन शेगड्यांच्या घरात रात्रीच्या स्वयंपाकाला दोन्ही शेगड्या मोकळ्या मिळतात. आठला पाने घेतली की सगळे बसतात. मागून काही तळायचे नसते.

साखरेचाही मुद्दा आहे. श्रीखंडात मुळातच दह्याचा आंबटपणा असल्यामुळे साखर फार कमी करता येत नाही, कमी केली तर त्याचे गोड दही होते. बासुंदीत आटलेल्या दुधाची स्वतःची गोडी असते, त्यामुळे साखर बरीच कमी करूनही पदार्थ बिघडत नाही. घरात वडीलधारी माणसे असतील तर हा फरक उपयोगी पडतो.

श्रीखंडाच्या बाजूने जे आहे तेही सांगितले पाहिजे. ते फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकते, उलट बासुंदी दुसऱ्या दिवशी संपवलेली बरी. ज्या घरांत दूध आणि आंबट एकत्र चालत नाही, तेथे बासुंदीच्या दिवशी मठ्ठा आणि दह्याची कोशिंबीर दोन्ही बाद होतात. अशा वेळी काकडी चोचवून, दाण्याचे कूट आणि खोबरे घालून वर हिंग-जिऱ्याची फोडणी द्यावी. मासे किंवा मटण होणार असेल, तर दुधाचे गोड ठेवू नये असेच बहुतेकांकडे मानतात, आणि तेव्हा हा सगळा विचारच बाजूला राहतो. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही मी श्रीखंडच सुचवीन. अमेरिकेतील ‘होल मिल्क’ गाईचे आणि ३.२५ टक्के स्निग्धांशाचे असते, ते आटायला फार वेळ घेते आणि बासुंदी पातळच राहिल्यासारखी वाटते. तिकडे ग्रीक योगर्ट मात्र सहज मिळते, तासभर फडक्यात ठेवले की त्याचा चक्क्यासारखा उपयोग होतो.

इकडे महाराष्ट्रात विकतचे श्रीखंड इतके चांगले मिळते, की घरी करण्यातला फायदा दिवसेंदिवस कमी होत चालला आहे. वारणेचा किंवा चितळ्यांचा डबा आणला तर पाहुण्यांना वावगे वाटत नाही. बासुंदीचे तसे नाही. नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला जाणारे लोक तिथली बासुंदी आवर्जून खातात, कारण तो म्हशीच्या दुधाचा मुलूख आहे आणि तेथे दूध आटवण्याची हातोटी जुनी आहे. पण आपापल्या गावी त्या तोडीची बासुंदी दुकानात मिळेलच असे नाही, आणि म्हणून घरी तासभर उभे राहण्याचे चीज होते. पुरंदरची किंवा बीडची सीताफळे बाजारात आली, की बिया काढलेला गर पूर्ण गार झालेल्या बासुंदीत मिसळावा. गरम दुधात तो घालू नये, दूध फाटण्याची भीती असते. आंब्याच्या दिवसांत आम्रखंड याच्या तोडीस तोड ठरते, एवढे मी मान्य करतो.

आमच्याकडे गुढीपाडव्याला आजही श्रीखंड-पुरीच होते, कारण ते दुपारचे जेवण असते, लाटायला आणि तळायला भावंडे असतात आणि दोन पंगती बसतात, त्यामुळे तळणारा दुसऱ्या पंगतीला निवांत जेवतो. एरवीच्या रात्री, चार-सहा माणसांचे घर आणि एकच पंगत असेल, तर मी दोन लिटर दूध आणून कढई चढवतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने एक लिटरपासून सुरुवात करावी आणि दूध निम्म्यावर आले हे कळण्यासाठी आटवण्यापूर्वी लाकडी कालथ्यावर दुधाच्या पातळीची खूण करून ठेवावी. पसरट कढईच्या कडा उतरत्या असतात, त्यामुळे पातळी निम्म्यावर येण्याच्या पुष्कळ आधीच दूध निम्मे झालेले असते. तेव्हा आधी अर्धा लिटर पाणी त्याच कढईत ओतून त्याची दुसरी खूण करून घेतली, म्हणजे अंदाज चुकत नाही.