मुलीचं नाव काय ठेवावं, आर्या की खलीसी?
गेम ऑफ थ्रोन्स ही टीव्ही सिरीज 2011 ला सुरू झाली आणि अमेरिकेत लोकांनी त्यातली नावं मुलींना ठेवायला सुरुवात केली, आर्या पण आणि खलीसी पण. आता खलीसी हे कुठल्या पात्राचं नाव नाहीच मुळात, सिरीजमधल्या दोथ्राकी नावाच्या लोकांच्या टोळीप्रमुखाच्या बायकोला तसं म्हणतात, त्या पात्राचं नाव डेनेरिस. तरी 2018 मध्ये तिकडे 560 मुलींचं नाव खलीसी ठेवलं गेलं आणि पुढच्याच वर्षी शेवटच्या सीझनमध्ये तिने ड्रॅगनवर बसून अख्खं शहर जाळलं!! आईबाबांना दोष कसा देणार, नाव ठेवलं तेव्हा गोष्ट संपलेलीच नव्हती ना. पण मला त्या पोरींचं खरंच वाईट वाटतं, कारण नाव ऐकलं की समोरच्याला फक्त सिरीजच आठवणार.

आर्याचं तसं नाही. सिरीजच्या आधीपासून आपल्याकडे ढीगभर आर्या आहेत, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरातली आर्या तिकडच्या शाळेत पण चालते आणि इकडे आजीच्या तोंडी पण बसते, उच्चार थोडा बदलतो एवढंच. शिवाय ते पात्र पण शेवटपर्यंत धीटच राहतं. माझं मत आर्यालाच, डेनेरिस कितीही आवडत असली तरी.