ड्रोनने धूळ मोजून देणारी सेवा : उंचीचा हिशेब चोख, प्रकाशाचा कच्चा

खडी क्रशरची धूळ किती उंच चढते, हे जमिनीवर ठेवलेल्या यंत्रांवरून कळत नाही. तेवढ्यासाठी आमच्या महाविद्यालयाच्या पर्यावरणशास्त्र विभागाने गेल्या हिवाळ्यात पुणे जिल्ह्यातील एका गावालगत ड्रोनद्वारे हवा मोजून देणाऱ्या एका खासगी कंपनीची सेवा घेतली. हवेतील सूक्ष्म कण आणि त्या हवेतून खाली पोहोचणारा सूर्यप्रकाश ही दोन्ही मोजमापे एकाच उड्डाणात मिळतील, असे त्यांच्या माहितीपत्रकात म्हटले होते. त्यांपैकी पहिले काम त्यांनी चांगले केले. दुसऱ्यासाठी जादा पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

परवानगीचे सर्व सोपस्कार कंपनीने स्वतः पार पाडले. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या ठेवलेल्या भागात, जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फूट उंचीपर्यंतच पूर्वपरवानगीविना उडता येते आणि विमानतळांच्या परिसरात मर्यादा आणखी कडक होतात. त्यामुळे जागा ठरवण्याआधी त्यांनी नकाशा तपासायला लावला, हे योग्यच झाले. हवा आत घेणारी नळी त्यांनी पंख्यांच्या पातळीच्या बरीच वर बसवली होती. ही बाब किरकोळ वाटते, पण पंखे हवा खाली ढकलत असतात आणि नळी त्यांच्या खाली असेल तर यंत्र त्या उंचीवरची हवा न मोजता पंख्यांनी घुसळलेली हवा मोजते. चढण्याचा वेगही त्यांनी मुद्दाम मंद ठेवला होता, कारण भरभर वर गेल्यास एका थराचे आकडे पुढच्या थरात मिसळतात.

या काळजीचे फळ उभ्या आलेखात दिसले. हिवाळ्यात पहाटे जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही गार पडते आणि वर तुलनेने उबदार हवा राहते. तापमानाच्या या विपरीततेमुळे धूळ वर न जाता खालीच कोंडते. सूर्योदयानंतरच्या उड्डाणात कणांची संख्या एका उंचीपर्यंत जवळजवळ सारखी राहून मग एकदम घसरलेली दिसली, आणि ऊन तापल्यावरच्या उड्डाणात ती पायरी नाहीशी झाली होती. गावातील लोकांना सकाळीच धुळीचा त्रास अधिक का होतो, याचे इतके स्पष्ट चित्र आम्हाला जमिनीवरच्या नोंदींतून कधीच मिळाले नव्हते.

मात्र अहवालातील 'मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर' हे आकडे जपून वापरावेत. अशी यंत्रे कणांचे वजन करत नाहीत. लेसरच्या झोतातून जाणाऱ्या प्रत्येक कणाने विखुरलेल्या प्रकाशावरून आकार ठरवतात आणि मग घनता गृहीत धरून वजन काढतात. ड्रोनवर बरेच वापरले जाणारे अल्फासेन्स कंपनीचे ओपीसी-एन३ हे कणमापक यंत्र मूळ मांडणीत ही घनता १.६५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरते. आपला काळा बेसाल्ट खडक २.८ च्या आसपास असतो. म्हणजे क्रशरच्या धुळीचे वजन खऱ्या वजनाच्या सुमारे साठ टक्केच दिसणार. उलट पहाटेच्या दमट हवेत काही कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढतो. या दोन्हींबाबत अहवालात एकही ओळ नव्हती. केंद्रीय मानकानुसार पीएम १० ची, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांची, चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे; तिच्याशी काही मिनिटांच्या उड्डाणाचा आकडा ताडून 'मर्यादा ओलांडली' असा शेरा मारणे तर शास्त्राला धरून नाहीच.

प्रकाशाच्या मोजणीची अडचण अधिक मूलभूत आहे. दृश्यता, म्हणजे नजर पोहोचते ते अंतर, साधारण आठ किलोमीटर असेल, तर प्रकाशाचा क्षय किलोमीटरला सुमारे ०.५ या गुणांकाने होतो. सूर्य माथ्यापासून ६० अंश कललेला असताना १२० मीटर जाडीच्या थरातून येणाऱ्या किरणाला दुप्पट अंतर कापावे लागते. तरीही थेट प्रकाशातील घट ११ टक्क्यांच्या आसपासच राहते. ड्रोनच्या पाठीवर पक्का बसवलेला प्रकाशसंवेदक वाऱ्यामुळे सूर्याच्या दिशेने किंवा विरुद्ध दिशेने पाच अंश कलला, तर त्याच स्थितीत थेट प्रकाशाच्या नोंदीत सुमारे १५ टक्क्यांचा फरक पडतो. जे मोजायचे त्याहून चूक मोठी! शिवाय असा सपाट संवेदक साऱ्या आकाशातून येणारा विखुरलेला प्रकाशही टिपतो, त्यामुळे थेट किरणांतील घट आणखीच झाकली जाते. संवेदक आडवा स्थिर ठेवणारा गिंबल का नाही, असे विचारल्यावर वजन आणि बॅटरी ही कारणे पुढे आली.

ड्रोनने हे काम होतच नाही, असे नाही. मार्च २००६ मध्ये हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांच्या चमूने मालदीवमधील हनिमाधू बेटावरून तीन मानवरहित विमाने एकाच वेळी एकावर एक अशा उंचीवर उडवून कण आणि सूर्यप्रारण दोन्ही मोजले होते. पण ती विमाने काही किलोमीटरपर्यंत चढत होती, त्यामुळे मधल्या थराचा परिणाम मोजण्याइतका मोठा होता. संपूर्ण वातावरणातून प्रकाश किती येतो एवढेच हवे असेल, तर सूर्याकडे नेमके रोखलेला जमिनीवरचा प्रकाशमापक पुरतो. पुण्यात आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) एरोनेट या अशा प्रकाशमापकांच्या जागतिक जाळ्यातील यंत्र आहे आणि त्याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत.

सेवा घ्यायचीच असेल, तर कणांच्या उभ्या मोजणीपुरतीच घ्यावी आणि पहाट व दुपार अशी दोन्ही वेळची उड्डाणे मागावीत. सेकंदागणिक कच्च्या नोंदी, आर्द्रता आणि ड्रोनचा कल यांसह, करारातच लिहून घ्याव्यात. आम्हाला त्या मागितल्यावर मिळाल्या, पण बऱ्याच पाठपुराव्यानंतर, आणि वरचे सगळे आकडेमोडीचे काम त्या हाती आल्यावरच करता आले.